आबांची दारू

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही, तरी गावाच्या लेखी ते दारुडेच मेले.

गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला भगर, चातुर्मासात घरात कांदा-लसूण बंद, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या रथाला पायी जाणं. असा माणूस. पण पन्नाशी उलटून चार-पाच वर्षं झाली आणि आबांची चाल बिघडली. पाय फाकवून, एक इथे एक तिथे टाकत, पाणी सोडलेल्या केळीच्या सरीतून जावं तसे ते कोरड्या ठक्क रस्त्यावरून जायचे. जीभ जड झाली. बोलायला लागले की शब्दाचे तुकडे बाहेर यायचे, त्यातला एखादा उगाच जोरात. आता सांगा, खेड्यात अशा माणसाला काय म्हणतात? चावडीपुढून जाताना पोरं विचारायची, "आबा, पेयेल शेतस का?" मोठी माणसं विचारायची नाहीत, नुसती एकमेकांकडे बघून हसायची. "माळ वरून, बाटली आतून" हे वाक्य आमच्या गावात तयार झालं, आणि ते आबांवर तयार झालं.

१९९४ च्या उन्हाळ्यात आबा बांधावरून पडले, खुबा मोडला, अंथरूण धरलं आणि पोळ्याच्या आधी गेले. मी आठ वर्षांचा होतो. सरण रचताना मागून कोणीतरी हलकेच म्हणालं, "पेट लवकर घेईल." मला त्याचा अर्थ लागला नाही. नानांना, म्हणजे माझ्या वडलांना, लागला असणार. ते लाकडं रचत राहिले.

नानांची गावात ख्याती होती ती अंदाजाची. केळीचा घड कापून खांद्यावर घेतला की काट्यावर जायच्या आधी ते वजन सांगायचे. "साडेबावीस." काटा पाव किलो इकडे नाहीतर तिकडे. नवा व्यापारी आधी हसायचा, तिसऱ्या घडाला गप्प व्हायचा.

२०१४ च्या सुमारास रात्री त्यांच्या पायात गोळे यायला लागले. माय तेल लावून पोटऱ्या चोळायची. शेजारचे सांगायचे, केळी खा, गोळे जातात. केळीवाल्याच्या घरी येऊन हा सल्ला! मग चहा सांडायला लागला. हात कपाकडे निघायचा, कपाच्या थोडा पुढे जायचा, मागे यायचा, थरथरायचा आणि मग एकदम पकडायचा. स्टीलचा रिकामा पेला ते भरलेली घागर उचलावी तशा जोराने उचलायचे. सहीचं वळण मोडलं. आमच्या घरात खाटेपासून मोरीपर्यंतच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, हाताच्या तेलकट पंजांचा एक पट्टा उमटला. श्रावणात कानबाई देवी बसवायची म्हणून घराला रंग द्यायचा, पट्टा जायचा. दिवाळीपर्यंत पुन्हा तिथेच.

आणि डोळे. हे सांगायला अवघड आहे, कारण बघितल्याशिवाय पटत नाही. डावीकडून कोणी हाक मारली तर आपले डोळे टपकन तिकडे जातात, मान मागाहून वळते. नानांचं उलटं. आधी मान वळायची, मग पापणी एकदा मिटायची आणि त्यानंतर नजर हळूहळू सरकत, दोर ओढून आणल्यासारखी, तिथे पोचायची. तोवर हाक मारणारा पुढे गेलेला असायचा. "नाना आता ओळख देत नाहीत, केळीचा भाव वाढला ना," असं एकाने मला ऐकवलं. पेपर वाचताना ओळ संपली की नाना अख्खं डोकं डावीकडे आणायचे, टाइपरायटरच्या गाडीसारखं.

हे सगळं मी रोज बघत होतो, आणि मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी फळ्यावर मेंदू काढायचा, त्याच्या मागे खाली फुलकोबीच्या गड्ड्यासारखा लहान मेंदू काढायचा आणि पोरांना सांगायचं: अनुमस्तिष्क, कार्य शरीराचा तोल सांभाळणे, एक गुण. बारा-तेरा वर्षं मी हा एक गुण वाटत आलो. घरी येऊन नानांना "नीट बघून चाला ना" म्हणत आलो.

मधली चार वर्षं दवाखान्यांत गेली, ती भराभर सांगतो. बी-१२ ची इंजेक्शनं, मानेला पट्टा, मणक्याचा एमआरआय, एका वैद्याचं काळं तेल. तालुक्याच्या एका दवाखान्यात नाना आत शिरतानाच डॉक्टरने विचारलं, "रोज किती घेता?" नाना तिथून उलटपावली निघाले. उलटपावली निघणंही त्यांना जमलं नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटला. मग जळगावला एकाने मणका सोडून डोक्याचा एमआरआय करायला लावला आणि सांगितलं, लहान मेंदू सुकलाय, मुंबईला दाखवा.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई नानांच्या पायांकडे वळल्याच नाहीत. त्यांनी एका हातात पेन धरलं, दुसऱ्या हाताचं बोट. "पेनकडे बघा. बोटाकडे बघा. पेन. बोट. मान हलवू नका." पाचेक मिनिटं एवढंच. नंतर म्हणाल्या, "घरात असं आणखी कोणाला?"

नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आबा."

बाईंनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नानांचा चौकोन काढला, वर आबांचा. दोन्ही पेनाने गच्च काळे केले. गावाने आबांबद्दल जे काही म्हटलं त्याच्या विरुद्धचा पहिला लेखी कागद माझ्या समोर तयार होत होता, एका प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे.

सुरतमार्गे अमळनेरला येणाऱ्या रात्रीच्या गाडीत नाना खालच्या बर्थवर जागे होते. नंदुरबार गेल्यावर म्हणाले, "मंग आबा पेत नही व्हतात." म्हणजे मग आबा पीत नव्हते. चोवीस वर्षांनी. त्या वाक्यात माझ्या बापाने एक गोष्ट कबूल केली, जी त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती: त्यांनाही थोडी शंका होतीच.

रक्ताचा रिपोर्ट दीड महिन्याने आला. स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार दुसरा. डॉक्टर लोक एससीए-२ म्हणतात. अटॅक्सिया हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ 'क्रम नसणं'. स्नायूत ताकद असते, नस शाबूत असते, पण कोणत्या स्नायूने कधी, किती आणि कुठपर्यंत याचा मेळ राहत नाही. ताकद जात नाही, अंदाज जातो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यातल्या ६९ अब्ज या फुलकोबीसारख्या लहान मेंदूत असतात. वजनाने तो मेंदूचा दहावा हिस्सा. ही सगळी गर्दी रात्रंदिवस एकच हिशेब करते: हात आत्ता इथे आहे, अमुक वेगाने चाललाय, तर ब्रेक कधी लावायचा. त्या हिशेबाची शेवटची सही पुरकिन्ये पेशी करतात. यान पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने त्या १८३७ साली सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठेवल्या. या आजारात त्याच पेशी एकेक करून मरतात. नाना एकदा म्हणाले होते, "मन्हा पाय मन्हं आयकत नही." मी तेव्हा हसलो होतो. त्याहून अचूक व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

कारण शोधायला गेलं तर ते अगदी क्षुल्लक निघतं, आणि याचाच मला राग येतो. बाराव्या गुणसूत्रावर एटीएक्सएन-२ नावाचं जनुक आहे. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक माणसांत २२ वेळा. हा आकडा तेहतीस-पस्तिशीच्या पुढे गेला की आजार. नानांच्या रिपोर्टात एका बाजूला २२ आणि दुसऱ्या बाजूला ३७. म्हणजे पंधरा जादा. फळ्यावरचं उतरवून घेताना एकच शब्द ओळीने चार वेळा आला की पोरांची नजर घसरते, आणि चारचे पाच होतात. पेशी जनुकाची नक्कल करताना तशीच घसरते. जादा अक्षरांमुळे प्रथिनाला ग्लुटामिन या अमिनो आम्लाची लांब शेपटी येते आणि ते नीट वागेनासं होतं. बापाकडून पोराकडे जाताना आकडा आणखी वाढू शकतो. आकडा जितका मोठा, तितका आजार लवकर. आबांना पंचावन्नला, नानांना पन्नाशीत. हे जनुक १९९६ साली तीन वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमारास शोधून काढलं. आबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

पण मला जास्त जवळची वाटते ती त्याच्या पंचवीस वर्षं आधीची गोष्ट. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया नावाचे न्यूरोलॉजिस्ट होते, जे. जे. रुग्णालयातले. त्यांच्याकडे तोल गेलेले, जीभ जड झालेले रुग्ण यायचे, जगभर येतात तसेच. वाडियांनी त्यांचे डोळे बघितले. काही घराण्यांतल्या रुग्णांची नजर उडी मारत नाही, सरपटत जाते. १९७१ मध्ये त्यांनी आणि आर. के. स्वामींनी अशी नऊ भारतीय कुटुंबं एका इंग्लिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि म्हटलं की हा वेगळा आजार आहे. तेव्हा जनुक माहीत नव्हतं, रक्ताची तपासणी नव्हती. दिव्याखाली एक माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांकडे बघत बसला होता, एवढंच. पुढे १९९८ मध्ये वाडियांच्याच गटाने सहा भारतीय घराणी जनुकाच्या पातळीवर तपासली. तो हाच एससीए-२ होता, आणि मंद नजर ही त्याची खूण ठरली. वाडियांना २०१२ साली पद्मभूषण मिळालं, २०१६ मध्ये ते गेले. नानांना पेन आणि बोट दाखवणाऱ्या बाई त्या वहिवाटीतल्या. १९७१ साली आबा एक्केचाळीस वर्षांचे, धडधाकट, आमच्या गावापासून मुंबई एका रात्रीच्या अंतरावर. ज्या आजाराची खूण तिथे लिहून ठेवली होती, तो पंधरा वर्षांनी आमच्या ओसरीवर आला तेव्हा आम्ही त्याला दारू म्हणालो.

दारू म्हणालो, आणि दुसरंही एक म्हणालो.

मोठी माय, म्हणजे माझी आजी, दारूचं कधीच मानत नव्हती. तिचं म्हणणं वेगळं. एका वर्षी घरात सुतक आलं म्हणून कानबाईचे रोट राहिले, त्याचा हा कोप. "कुयनं शे हाई," ती म्हणायची. कुळाचं आहे हे. गंमत बघा, अख्ख्या गावात सत्याच्या सगळ्यात जवळ तीच होती. पण कुळ म्हटलं की आपण फक्त पुरुषांची ओळ मोजतो. मुलगी दिली की ती दुसऱ्या कुळाची. मुंबईच्या बाई तसं मोजायला तयार नव्हत्या. आबांच्या चौकोनाखाली रेघ ओढून त्यांनी विचारलं, "यांना मुली किती?"

आत्या. शिरपूरकडे दिलेली. ती मला आठवते ती आखाजीला माहेरी आलेली. झोक्यावर बसायची नाही, भीती वाटते म्हणायची, आणि बाकीच्या बायका तिला हसायच्या. मग येणंच कमी झालं. तिच्या सासरचे सांगायचे, हातात जोर नाही, काम टाळते, भांडी पाडते. पुढे त्याहून वाईट सुरू झालं. ती टक लावून बघते, म्हणाले. एकदा नजर रोवली की काढत नाही. बाळंतिणीच्या खोलीत तिला जाऊ देईनात. हळदीला बोलवेनात. पोरगं रडलं की हिची नजर लागली. गावाने आबांच्या चालीला दारू म्हटलं, तिच्या सासरने तिच्या डोळ्यांना करणी म्हटलं. दारुड्याला निदान चार लोक हसून बोलतात. आत्या शेवटची काही वर्षं मागच्या खोलीत होती आणि आम्ही, तिच्या माहेरचे, वर्षातून एकदा साडी पाठवायचो. बाईंनी तो गोल काळा केला तेव्हा नानांनी कागदावरून नजर काढली. हळूहळू, त्यांची निघते तशी.

एससीए-२ मध्ये आई किंवा बाप यांच्यापैकी एकाला असला तर प्रत्येक लेकराला आठ आणे शक्यता. मुलगा असो, मुलगी असो. चारात दोघांना होईल असा हा हिशेब नाही. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं. चौघांनाही होऊ शकतं, एकालाही नाही असंही होऊ शकतं. म्हणून आत्याच्या मुलाला सांगणं भाग होतं.

आतेभाऊ सुरतला लूमवर कामाला. मी फोन केला, इकडचं-तिकडचं बोललो आणि मग चालण्याचं विचारलं. पलीकडे शांतता. मग तो हसला. म्हणाला, "दादा, दोन ठिकाणांहून काढलं मला. पिऊन येतो म्हणून. तेव्हा मी प्यायचो नाही." मग? "मग म्हटलं लोक म्हणतातच आहेत तर घेऊनच बघू." वय वर्षं एकतीस. दारू याच लहान मेंदूला आणखी मारते, हे मी त्याला त्या फोनवर सांगितलं, मास्तरच्या आवाजात, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. त्याचा आकडा ४२ निघाला. दारू त्याने सोडली आहे. चाल तशीच आहे, आणि आता तो पीत नाही यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

आता माझं आणि बहिणीचं. लक्षणं दिसायच्या आधीही ही तपासणी करता येते. त्यासाठी समुपदेशन लागतं, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांची अशी तपासणी करत नाहीत, कारण जाणून घ्यायचं की नाही हा निर्णय ज्याचा त्याचा. धाकटीचं लग्न ठरत होतं. आमच्याकडे सोयरीक जुळवताना शेती किती, नोकरी पक्की का, पत्रिका, सगळं विचारतात. रक्ताचं कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. नातेवाइकांनी आम्हाला घेरून सांगितलं, तोंड उघडू नका. नानांना मंडपात कोपऱ्यात खुर्चीवर बसवा, उठू देऊ नका. धाकटी कोणाचंच ऐकली नाही. मुलाला एकट्याला भेटून तिने सगळं सांगितलं आणि मग मुंबईला जाऊन तपासणी केली. निकाल काय लागला ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. लग्न झालं, एवढं लिहितो. नानांना मांडवात फिरवलं, दोन्ही बाजूंनी धरून. व्याह्यांच्या पंगतीतून एक आवाज आलाच, तोच जुना प्रश्न, आणि धाकटीने हळदीच्या हातांनी वळून तिथेच उत्तर दिलं. ते शब्द छापण्यासारखे नाहीत.

मी मात्र तपासणी केलेली नाही. वय एकोणचाळीस. मुलगी नववीत आहे. लोकांना वाटतं विज्ञानाच्या मास्तरने तरी करायला हवी होती. खरं सांगायचं तर औषध असतं तर उद्या गेलो असतो. नुसतं कळून मी काय करणार, हे मला अजून कळलेलं नाही, आणि हे उत्तर मला स्वतःलाही पूर्ण पटत नाही. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात कोणी नसलं की फरशीच्या सांध्यावरून मी टाचेला पंजा लावत चालून बघतो. वीस पावलं. रात्री पोटरीत गोळा आला की माय उठेल म्हणून आवाज न करता पडून राहतो आणि आज किती चाललो, पाणी किती प्यायलो, याचा हिशेब मांडतो.

औषधाचं म्हणाल तर बातम्या पुष्कळ येतात. २०२३ च्या फेब्रुवारीत भाऊबंदांच्या ग्रुपवर सतरा जणांनी एकच बातमी टाकली: अटॅक्सियावर औषध सापडलं, अमेरिकेत मंजूर. औषध खरं होतं, ओमाव्हेलोक्सोलोन. पण ते फ्रीडरायख अटॅक्सियावर. तो वेगळा आजार, हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडरायख यांनी १८६३ मध्ये वर्णन केलेला. त्यात दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, बहुधा शाळकरी वयात सुरू होतो आणि हृदयही तडाख्यात सापडतं. नावात अटॅक्सिया आहे म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, हे सतरा जणांना समजावताना माझी रात्र गेली. नाना बाजूला बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्या पोरांना तर मिळालं." आणि झोपले.

आमच्या प्रकारातही प्रयत्न झाले. रिलुझोल नावाच्या गोळीने फायदा होतो असं २०१५ साली इटलीतल्या अभ्यासात दिसलं होतं, त्यात निरनिराळे अटॅक्सिया एकत्र होते. मग फ्रान्समध्ये फक्त एससीए-२ च्या रुग्णांना वर्षभर ती देऊन बघितली. २०२२ मध्ये निकाल आला, उपयोग नाही. मला या दुसऱ्या अभ्यासाचं जास्त कौतुक वाटतं. 'नाही' हे सांगायलाही वर्षभर माणसं तपासावी लागतात, आणि त्या पंचेचाळीस रुग्णांनी आपलं एक वर्ष त्यासाठी दिलं. २०१७ मध्ये उंदरांत या जनुकाचा संदेशच मध्ये अडवणाऱ्या औषधाने चाल सुधारली. उंदरापासून केळीच्या बांधापर्यंतची वाट लांब आहे. आज तरी एससीए-२ थांबवणारं मंजूर औषध नाही. क्युबात ओल्गीन नावाचा प्रांत आहे, तिथे हा आजार जगात सर्वांत जास्त. त्या एका प्रांतामुळे या आजाराची खूप माहिती जमा झाली. गोळे आधी येतात, चाल मागाहून जाते, हेही तिथल्या डॉक्टरांनी नीट नोंदलं. नकाशात ओल्गीन दाखवलं तेव्हा नानांनी विचारलं, "तिथे काय पिकतं?" ऊस, म्हटलं. "पाण्याचं बरं असेल," म्हणाले.

मोजायचं कसं, याची मात्र एक चांगली पट्टी आहे. सारा म्हणतात तिला, २००६ पासून वापरात. आठ गोष्टी करून दाखवायच्या: चालणं, उभं राहणं, बसणं, बोलणं, समोरच्याच्या बोटाचा पाठलाग, नाक आणि बोट, तळहात उलटसुलट करणं, टाच नडगीवरून सरकवणं. एकूण गुण चाळीस. यात जितके जास्त गुण, तितकी स्थिती वाईट. युरोपातल्या रुग्णांना वर्षानुवर्षं तपासून काढलेला हिशेब असा की एससीए-२ मध्ये वर्षाला साधारण दीड गुण वाढतो. नानांचे २०१८ मध्ये साडेआठ होते, परवा अठरा. गुण वाढले की आनंद मानायची माझी सवय, त्यामुळे जळगावच्या फिजिओथेरपिस्टने आकडा सांगितला की माझ्या तोंडून दर वेळी आधी 'अरे वा' निघता निघता राहतं.

त्या फिजिओथेरपिस्टनेच सांगितलं की व्यायामाने गुण कमी होतात. मला वाटलं धीर द्यायला बोलतो. पण जपानमध्ये ४२ रुग्णांना चार आठवडे रोज तास-दोन तास तोलाचे व्यायाम दिले, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चाल सुधारली, आणि ती सुधारणा काही महिने, हळूहळू ओसरत का होईना, टिकली. पेशी परत येत नाहीत. उरलेल्यांकडून जास्त काम करून घ्यायचं.

म्हणून आमच्या अंगणात आता एक कठडा आहे. घडाच्या ओझ्याने केळ कलंडू नये म्हणून टेकू द्यायचे बांबू असतात, त्यातलेच आठ पुरले आणि दोन आडवे बांधले, नानांच्या कमरेच्या उंचीवर. मध्ये सोळा पावलांची वाट. शाळेच्या मैदानातून उरलेली फक्की मी पिशवीत आणतो, आणि माय सकाळी सडा वाळला की रांगोळीच्या आधी त्या वाटेवर सरळ रेघ मारते. नाना दोन्ही हात बांबूला न लावता, नुसते वर धरून, रेघेच्या दोन बाजूंना पाय टाकत जातात. डोलतात. पडायला झाले की बांबू धरतात. टोकाला पोचून वळणं हे सगळ्यात कठीण; वळताना ते थांबतात, पाय चार-पाच वेळा जागच्या जागी आपटतात, मग मान, मग पापणी, मग नजर. तोवर रेघ अर्धी पुसलेली असते. माय कपाळाला हात लावते आणि पुन्हा मारते. पाणी पिताना ठसका लागतो म्हणून पाण्याऐवजी दाटसर ताक. कळण्याची भाकरी कोरडी नाही, डाळीत चुरून. असं आठ वेळा जाऊन-येऊन झालं की न्याहारी.

मागच्या आठवड्यात दूध घालायला जाणारा एक म्हातारा कुंपणापाशी थांबला. आबांच्या वेळचा. सरणापाशी तो होता की नाही हे मला आठवत नाही, पण त्याचं वय बघता असावा. नाना मधल्या पावलावर होते, डोलत. म्हातारा हसला. "काय नाना, आज सक्कायमाच?"

मी ओट्यावर चहा घेत होतो. कप खाली ठेवला.

नानांनी हात वर केला, मला थांब म्हणून. मग बांबू धरला, मान वळवली, पापणी मिटली, आणि नजर त्या कुंपणापर्यंत जाईस्तोवर म्हातारा तिथेच उभा राहिला. नानांचं तोंड हलायला लागलं. एकेक अक्षर वेगळं, मधलं उगाच जोरात.

"हा. आ-बा-नी ठे-वेल व्ह-ती."

आबांनी ठेवलेली होती. म्हाताऱ्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मायकडे बघितलं. मायने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. नाना मात्र तेवढ्यात पुन्हा रेघेवर वळले होते. अजून सहा पावलं बाकी होती.